त्याने काय लिहिलं होतं?

माहितीपट संपला तेव्हा आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं उरली होती. सुरुवातीला जास्त होती. पण मध्ये दोनदा लाइट गेली, बाहेर पावसाने जोर धरला आणि लांबच्या वाड्यांतल्यांनी छत्र्या उचलल्या. भिंतीवर ताणलेल्या चादरीवर इस्तंबूलमधला सौदी वाणिज्य दूतावास दिसत होता. २ ऑक्टोबर २०१८ रोजी सौदी पत्रकार जमाल खाशोगी लग्नासाठी लागणारा एक कागद आणायला त्याच्या दारातून आत गेले आणि पुन्हा बाहेर आलेच नाहीत. बाहेर त्यांची वाग्दत्त वधू वाट बघत उभी. पंधरा माणसांचं पथक सौदीहून आलं होतं. मृतदेह आजवर सापडलेला नाही. ब्रायन फोगेल यांच्या ‘द डिसिडंट’ या माहितीपटाने हे सगळं दोन तासांत असं मांडलंय की देवगडच्या पावसातही घशाला कोरड पडावी.

दिवे लागले. कोणी बोलेना. मग बोटीवरून निवृत्त होऊन आता आंब्याची कलमं सांभाळणारे एक काका मागच्या बाकावरून म्हणाले, “ह्या सगळा खरा. पण त्येना काय लिवलेल्यान, ता खंय दाखवल्यानी?”

आम्ही आयोजक एकमेकांकडे बघत राहिलो. वेळ मारून नेण्यापुरतं काहीतरी बोललो, पण प्रश्न घरापर्यंत माझ्यासोबत आला. दोन तासांत आम्हाला दूतावासाचं कोणतं दार, किती माणसं, कोणत्या दिवशी कोण विमानात बसलं, दूतावासातल्या ध्वनिफितीत काय ऐकू आलं, हे सगळं कळलं होतं. पण या माणसाच्या स्तंभात नेमकं काय होतं, असं परीक्षेत विचारलं असतं, तर हॉलमधले सगळे नापास. माझ्यासकट.

माहितीपटावर अन्याय नको. खाशोगींचं राजघराण्याशी जुनं सख्य, मग आलेला दुरावा, परदेशातल्या तरुण विरोधकांशी जुळलेलं नातं, हे त्यात आहे. पण लक्षात राहते ती कत्तल. मी नंतर शोधून वाचलं. खाशोगी काही जन्माचे बंडखोर नव्हते. सौदी वृत्तपत्रांचे संपादक होते, दरबाराच्या आतल्या गोटात ऊठबस होती. २०१७ मध्ये अमेरिकेत गेले आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लिहू लागले. खुनाच्या तीन आठवडे आधी त्यांनी येमेनमधलं युद्ध थांबवा असं सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांना उद्देशून लिहिलं. शेवटचा स्तंभ त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला, आणि त्याचा विषय काय? अरब देशांना सगळ्यात जास्त गरज आहे ती मोकळेपणाने बोलता येण्याची. हे लिखाण जहाल नाही. आपल्याकडच्या कुठल्याही रविवार पुरवणीत खपून जावं इतकं सौम्य आहे. एवढ्या सौम्य लिखाणासाठी एक राष्ट्र विमानं भरून माणसं पाठवतं, ही खरी भयकथा. ती काकांच्या प्रश्नातून मला कळली, पडद्यावरून नाही.

मारल्या गेलेल्या पत्रकारांवरचे माहितीपट हा आता जगभर एक प्रकारच झालाय. त्यातले जमतील तेवढे मी गेल्या काही वर्षांत पाहिले. माझं म्हणणं असं की यातले बरेचसे चुकीच्या प्रश्नाभोवती फिरतात. हुकूम कोणी दिला, हा त्यांचा प्रश्न. त्यात वाईट काही नाही. पोलिसांनी, न्यायालयांनी तो विचारलाच पाहिजे. पण माहितीपटाचं काम त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचंही आहे. माणूस काय लिहीत होता, आणि त्याला मारणं इतकं स्वस्त कोणी करून ठेवलं होतं? खुनाला सुरुवात, मध्य, शेवट असतो, म्हणून कॅमेरा तिकडे धावतो. निविदेची फाइल, सातबाऱ्यावरचा फेरफार, बँकेचं खातं, यांना चेहरा नसतो. पत्रकाराचं आयुष्य मात्र त्यातच गेलेलं असतं. रहस्यकथेच्या साच्यात घातलं की शेवटी एक खलनायक हाती लागतो, तो बहुधा दूरदेशीचा असतो, आणि प्रेक्षक हळहळून, पण निवांत मनाने घरी जातो.

आमच्या हॉलमध्ये मात्र कोणी निवांत नव्हतं. खाडी ओलांडली की राजापूर तालुका. ‘महानगरी टाइम्स’चे शशिकांत वारिशे तिथले. ६ फेब्रुवारी २०२३ ला दुपारी राजापुरात महामार्गालगतच्या पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीला एका गाडीने उडवलं, फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. गाडी चालवणारा जमिनीच्या व्यवहारातला, बारसूच्या प्रस्तावित तेल रिफायनरीचा कट्टर समर्थक. त्याच सकाळी वारिशेंची त्याच्याबद्दलची बातमी छापून आली होती. आधी सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. पत्रकार रस्त्यावर उतरले, बोभाटा झाला, तेव्हा खुनाचं कलम लागलं आणि विशेष तपास पथक नेमलं गेलं. दोष कोणाचा ते न्यायालयाने ठरवायचं, मी नाही. त्या संध्याकाळी हॉलमध्ये वारिशेंचं नाव कोणीही घेतलं नाही. पण दूतावासाचं दार बंद झालं तेव्हा अर्ध्या लोकांच्या डोळ्यांपुढे पेट्रोल पंप होता, हे मी पैजेवर सांगतो.

आता काकांचा प्रश्न इथे लावून बघा. वारिशेंनी काय लिहिलं होतं? त्या दिवशीची बातमी एका बॅनरबद्दल होती. ज्याच्यावर गुन्हे दाखल आहेत असा माणूस पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांच्या फोटोंशेजारी स्वतःचा फोटो लावून उभा आहे, एवढाच बातमीचा गाभा. कोकणात बॅनर ही काय वस्तू आहे ते बाहेरच्यांना कळणार नाही. वाढदिवस, सत्यनारायण, क्रिकेट स्पर्धा, दहावीचा निकाल, कशाचंही निमित्त पुरतं. वर मोठ्या नेत्यांचे गोल फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. सरकारी शिक्का नसतो, पण तलाठ्यापासून हवालदारापर्यंत सगळे तो वाचतात, आणि या माणसाला हात लावण्याआधी विचार करावा लागेल एवढं त्यातून नेमकं कळतं. बॅनर म्हणजे आमच्याकडचं अभयपत्र. वारिशेंनी ते अभयपत्र खोटं आहे का असं उघड विचारलं.

इथे कोणी हटकेल की वारिशेंना सरकारने मारलं नाही, एका स्थानिक माणसावर आरोप आहे, मग खाशोगींच्या रांगेत त्यांना बसवता कशाला? हरकत रास्त आहे. तिचं उत्तर मला माल्टा या भूमध्य समुद्रातल्या चिमुकल्या बेटाने दिलं.

डॅफ्नी कारुआना गलिझिया तिथल्या पत्रकार. स्वतःच्या ब्लॉगवर एकट्या लिहायच्या. पंतप्रधानांचा मुख्य सचिव आणि एक मंत्री यांच्या पनामातल्या कंपन्या त्यांनी उघड केल्या. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी घरापासून थोड्याच अंतरावर त्यांच्या गाडीत बॉम्ब फुटला. त्याच्या सुमारे अर्धा तास आधीच्या शेवटच्या नोंदीत त्यांनी लिहिलं होतं की जिकडे बघावं तिकडे भामटे दिसताहेत. बॉम्बच्या आधीचं मात्र फार थोडे सांगतात. घराच्या दाराला आग लावली गेली होती, पाळलेली कुत्री मारली गेली होती. बदनामीचे चाळीसहून अधिक दावे त्यांच्यावर चालू होते. एका मंत्र्याच्या दाव्यात त्यांची बँक खाती गोठवली गेली. मेल्यावरही दावे संपले नाहीत. मुलांच्या नावावर वारसाहक्काने आले. घर नाही, जमीन नाही, आईवरचे खटले वारशात!

घरच्यांनी लावून धरलं म्हणून माल्टात सार्वजनिक चौकशी झाली. जुलै २०२१ मध्ये न्यायाधीशांच्या मंडळाने अहवाल दिला. खुनात राज्यसंस्थेचा थेट हात असल्याचा पुरावा नाही, तरीही खुनाची जबाबदारी राज्यसंस्थेने घेतलीच पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष. कारण काहीही केलं तरी आपल्याला कोणी हात लावत नाही, असं वातावरण सर्वोच्च कार्यालयातून तयार झालं आणि तिथून खाली पोलीस, नियामक यंत्रणा, सगळीकडे झिरपलं. पंतप्रधान जोसेफ मस्कत त्याआधीच, जानेवारी २०२० मध्ये, पायउतार झाले होते.

हा अहवाल मला कोणत्याही माहितीपटापेक्षा मोठा वाटतो. सरकार मारतं म्हणजे काय, याची व्याख्याच त्याने बदलली. सरकारने गोळी झाडायची गरज नाही. तक्रार घ्यायला उशीर लावायचा, फोटो काढू द्यायचे, ‘कायदा आपलं काम करेल’ म्हणायचं आणि कायद्याला काम करू द्यायचं नाही. पुढचं ज्याचं त्याला समजतं.

हे वातावरण पडद्यावर धरता येतं का? येतं. मॅट सार्नेकी यांचा ‘द किलिंग ऑफ अ जर्नलिस्ट’ हा २०२२ चा माहितीपट मी म्हणूनच पुन्हा पुन्हा सुचवतो. स्लोव्हाकियातला यान कुत्सियाक, वय सत्तावीस. उद्योजक आणि राजकारणी यांचं साटंलोटं, करचुकवेगिरी, माफियांचे धागेदोरे हा त्याचा विषय. २१ फेब्रुवारी २०१८ ला त्याला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला, मार्टिना कुश्निरोवाला, घरात गोळ्या घातल्या. लग्न मे महिन्यात होतं. यानचं सगळं काम कंटाळवाण्या कागदांचं: कंपन्यांच्या नोंदी, जमिनीचे दाखले, करांची विवरणं. एका बड्या उद्योजकाने फोनवरून धमकी दिली तेव्हा त्याने पोलिसांत तक्रार केली. महिना-दीड महिना उलटला तरी आपल्या तक्रारीला कोणी तपास अधिकारीही नेमलेला दिसत नाही, असं त्याने स्वतःच फेसबुकवर लिहिलं. काही महिन्यांत तो गेला.

या माहितीपटाच्या हाती लागली ती पोलीस तपासाची फुटलेली प्रचंड फाइल आणि उद्योजकाच्या फोनमधले संदेश. त्यामुळे खुनी कोण हे कळल्यावरही तो थांबत नाही. संदेशांतून दिसतं की कोणता न्यायाधीश कोणाशी गप्पा मारतो, कोणता अधिकारी कोणाच्या खिशात आहे, पत्रकारांवर पाळत ठेवायला एक माजी पत्रकारच कसा कामाला लागला, पोलिसांच्याच संगणकातून यानची माहिती कशी निघाली. बंदूक त्या साखळीतली अगदी शेवटची कडी. पाहता पाहता माझ्या मनात येत होतं की हे सगळं मी ओळखतो. नावं तेवढी उच्चारता येत नाहीत.

राजापूरवर असा माहितीपट करायचा झाला तर पेट्रोल पंपावरून सुरुवात करू नये. सुरुवात सड्यावरून करावी. बारसूचा कातळ, त्यावरची हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं, त्यांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत. मग दुय्यम निबंधकाचं कार्यालय. रिफायनरी आधी नाणारला येणार होती, तेव्हापासून एक प्रश्न लोक विचारत आलेत: प्रकल्प कुठे येणार हे आम्हाला कळायच्या आधी जमिनी घेणाऱ्यांना कसं कळलं? खरेदीखतं सार्वजनिक दस्त असतात, तारखा त्यांवर असतात. सामाईक सातबारा, निम्मे खातेदार मुंबईत, कोणीतरी चुलता सही करून मोकळा झालेला, बाकीच्यांना नंतर समजलेलं. मग ग्रामसभांचे ठराव. मग एप्रिल २०२३, माती परीक्षणासाठी आलेला पोलिसांचा फौजफाटा आणि भर उन्हात रस्त्यावर आडव्या झालेल्या बायका. आणि या सगळ्याच्या मधोमध एक माणूस, दुचाकीवर, खिशात पेन, बातमीमागून बातमी देणारा. त्याच्या बातम्यांची कात्रणं एकेक करून वाचून दाखवावीत. अर्धा तास लागला तरी चालेल. प्रेक्षक कंटाळले तर कंटाळू द्यावेत. पत्रकारिता कंटाळवाणीच असते, तिच्यापायी जीव जातो ही गोष्ट वेगळी.

एक जण मला म्हणाले, खटला चालू असताना असला माहितीपट म्हणजे न्यायालयावर दबाव. दोषी कोण हे पडद्यावरून जाहीर केलं तर नक्कीच दबाव. पण कात्रणं वाचून दाखवल्याने कोणत्या आरोपीचं काय बिघडतं? उलट, फक्त खुनावरचा माहितीपट खटल्याला धोकादायक, लिखाणावरचा नाही. माझ्या प्रश्नाचा हा अनपेक्षित फायदा.

दुसरी शंका जास्त खोल आहे. याने बदलतं काय? खाशोगींवरचा माहितीपट जगाने पाहिला. एप्रिल २०२२ मध्ये तुर्कस्तानच्या न्यायालयाने खटलाच सौदीकडे सोपवला. त्याच जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष सौदीला गेले. नोव्हेंबरात त्यांच्या प्रशासनाने युवराजांना अमेरिकी न्यायालयात अभय असल्याचं कळवलं. खाशोगींना पकडण्याच्या किंवा मारण्याच्या कारवाईला युवराजांनी मान्यता दिली होती, हा निष्कर्ष त्याच देशाच्या गुप्तचरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला. कुत्सियाकच्या खुनानंतर स्लोव्हाकियात हजारो लोक रस्त्यावर आले, पंतप्रधान रॉबर्ट फित्सो यांना मार्च २०१८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेच पुन्हा पंतप्रधान. रशियात आना पोलितकोव्स्काया यांच्यावर त्यांच्या माहितीपटकार मैत्रिणीने, मारिना गोल्डोव्स्काया यांनी, सुरेख माहितीपट केला. आना यांचा खून ७ ऑक्टोबर २००६ ला घराच्या इमारतीत झाला होता. त्यात शिक्षा झालेल्यांपैकी एक जण २०२३ मध्ये युक्रेनच्या आघाडीवर लढून आला म्हणून माफी मिळवून मोकळा झाला. पत्रकारांच्या खुनांपैकी सुमारे ८५ टक्के प्रकरणं न्यायापर्यंत पोचत नाहीत असं युनेस्कोने २०२४ मध्ये नोंदवलंय. तेव्हा माहितीपटाने न्याय मिळतो, असं मी म्हणणार नाही. मिळत नाही.

पण माल्टाच्या राजधानीतली एक गोष्ट सांगतो. न्यायालयासमोरच्या जुन्या स्मारकापाशी लोक डॅफ्नींसाठी फुलं आणि मेणबत्त्या ठेवायचे. सरकारी माणसं येऊन ते उचलून न्यायची. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा ठेवायचे. हे वर्षं-वर्षं चाललं. शेवटी जानेवारी २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने निकाल दिला की फुलं उचलणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. साध्या फुलांची सत्तेला एवढी अडचण का व्हावी? कारण प्रत्येक फूल म्हणत होतं, हिने काय लिहिलं ते विसरू नका. माहितीपट त्या फुलाहून फार मोठा नाही. पण उचलून नेता येत नाही, एवढं त्याचं बरं.

उचलून नेता येत नाही म्हटलं खरं, पण झाकून ठेवता येतो. फोगेलच्या आधीच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं होतं, नेटफ्लिक्सने तो विकत घेतला होता. खाशोगींवरचा जानेवारी २०२० मध्ये सनडान्स महोत्सवात गाजला, आणि एकाही बड्या ऑनलाइन कंपनीने घेतला नाही. वर्ष संपता संपता एका छोट्या वितरकाने तो बाहेर काढला. याच नेटफ्लिक्सने त्याआधी सौदी सरकारच्या सांगण्यावरून अमेरिकी विनोदवीर हसन मिन्हाजच्या कार्यक्रमाचा खाशोगींबद्दलचा भाग सौदीत दाखवणं बंद केलं होतं. आपल्याकडचं बघा. आनंद पटवर्धनांचा ‘विवेक’ दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश यांच्या खुनांचा माग घेतो. ॲम्स्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात २०१८ मध्ये त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये केरळच्या सरकारी महोत्सवात दाखवायला केंद्राच्या मंत्रालयाने परवानगी अडवली. उच्च न्यायालयात जावं लागलं तेव्हा पडदा उजळला. चारपैकी दोन खून आपल्या महाराष्ट्रातले, तेही पुणे-कोल्हापुरात, घाट चढला की पोचावं इतके जवळ. पण आमच्या तालुक्यात तो एकदाही दाखवला गेल्याचं मला आठवत नाही.

गौरी लंकेश यांच्यावर त्यांच्या बहिणीने, कविता लंकेश यांनी, ‘गौरी’ हा माहितीपट केला. बहिणीने केलेला असल्यामुळे त्यात एक वेगळी गोष्ट घडते: मेलेली बाई जाहिरातीतली वीरांगना होत नाही, भांडखोर, प्रेमळ, कर्जात बुडालेलं कन्नड साप्ताहिक चालवणारी बाईच राहते. त्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं मूळ साप्ताहिक जाहिराती घेत नसे. ही बारीकशी गोष्ट वाटते. आमच्याकडच्या कुठल्याही तालुका वार्ताहराला विचारा, ती किती मोठी आहे.

कारण वातावरण, वातावरण असं मी जे म्हणतोय त्याचा पाया इथे आहे. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. मानधन असतं, तेही पेट्रोलला पुरलं तर नशीब. नेमणुकीचं पत्र नसतं, ओळखपत्र असतं. दिवाळीत, गणपतीत, वर्धापनदिनाला पुरवणी निघते आणि जाहिरातींचं टार्गेट येतं. कमिशन सुटतं त्यावर घर चालतं. जाहिराती कोण देणार? तालुक्यात पैसा कोणाकडे आहे? ठेकेदाराकडे, जमिनीवाल्याकडे, पुढाऱ्याकडे. म्हणजे ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याच्याच वाढदिवसाची पानभर जाहिरात आणायची. यातूनही जो लिहितो त्याला मी दिल्लीतल्या निवेदकांपेक्षा शंभरपट मानतो. छत्तीसगडमधल्या विजापूरचा मुकेश चंद्राकार असाच स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवणारा. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी बाहेर आल्यावर जानेवारी २०२५ मध्ये त्याचा मृतदेह ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत सापडला. महाराष्ट्राने पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ मध्ये कायदा केला, देशात पहिला. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण या कायद्याला पत्रकार म्हणजे कोण हे नेमणुकीवरून कळतं, आणि नेमणुकीचा कागदच ज्याच्याकडे नाही त्याने काय दाखवायचं? ओळखपत्र? ते मालक उद्या परत मागू शकतो.

राजापूरवरच्या माहितीपटात ही मानधनाची पावती दिसली पाहिजे. खुनाच्या किती आधीपासून माणूस एकटा पडलेला असतो ते त्या पावतीवर छापलेलं असतं.

आणि तो माहितीपट इथल्यांनीच करावा. परदेशी दिग्दर्शक येऊन ड्रोनने समुद्र दाखवेल, माड दाखवेल, मग हळूच पेट्रोल पंप. पंचनाम्याला पंच गावातले लागतात. बाहेरचा पंच सही करतो, पण कुठल्या घळणीतून पाणी येतं ते त्याला ठाऊक नसतं. दाखवायचाही इथेच, देवळाच्या सभामंडपात, शाळेत, वाचनालयात. आमच्याकडे गाऱ्हाणं घालताना एक जण बोलतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ते म्हणणारे नसले तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. पुरस्कार मिळून ॲम्स्टरडॅमला गाजलेला माहितीपट राजापुरात कोणी पाहिलाच नाही, तर ते गाऱ्हाणं अर्ध्यावरच राहिलं.

मराठी पत्रकारितेचा उगम कोकणातला, हे आम्ही दर सहा जानेवारीला ऐकतो. बाळशास्त्री जांभेकर आमच्या तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलं. टिळक रत्नागिरीत जन्मले. ‘केसरी’तल्या लिखाणासाठी १८९७ मध्ये दीड वर्ष, १९०८ मध्ये सहा वर्षं. (इतिहासाची गंमत बघा: टिळक मंडालेच्या तुरुंगात होते तेव्हा मंडालेचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत होता.) टिळकांवरच्या खटल्यात एक गोष्ट होती जी आज नाही. सरकारी वकिलाला टिळकांनी काय लिहिलं ते न्यायालयात वाचून दाखवावं लागलं. लेख पुराव्यात लागले, भाषांतरं झाली, शब्दांच्या अर्थावर वाद झाले. शिक्षा अन्यायाची होती, पण लिखाण नोंदीत राहिलं. गाडीखाली किंवा टाकीत संपवलेल्या माणसाच्या लिखाणाला तेवढंही भाग्य नाही. खटला चालतो तो गाडीच्या वेगाचा, टायरच्या खुणांचा, फोनच्या लोकेशनचा.

पत्रकारदिनाला शाल मिळते, श्रीफळ मिळतं. शाल द्यायला बहुधा तेच येतात ज्यांचे गोल फोटो बॅनरवर असतात. मला त्यात काही म्हणायचं नाही. वार्ताहरांना वर्षातून एकदा तरी खुर्ची मिळते. फक्त त्या दिवशी भाषणांऐवजी वर्षभरात तालुक्यातल्या वार्ताहरांनी दिलेल्या पाच बातम्या मोठ्याने वाचाव्यात, असं मी एकदा सुचवून पाहिलं होतं. हसले सगळे.

आमच्या त्या कार्यक्रमाची बातमी तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर आली. येथील वाचनालयात माहितीपटाचे आयोजन करण्यात आले होते, पदाधिकारी व ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते, आभारप्रदर्शनाने कार्यक्रमाची सांगता झाली. माहितीपट कोणता, कोणावर, कशाबद्दल, एक अक्षर नाही. बातमी देणारा वार्ताहर दुसऱ्या रांगेत शेवटपर्यंत बसला होता, वहीत लिहून घेत होता. मी पाहिलं होतं. संध्याकाळी त्याला फोन केला.

“मियां लिवलेलंय रे,” तो म्हणाला. “थयसून काढल्यानी.”

थोडा वेळ दोघेही गप्प. पलीकडून पावसाचा आवाज येत होता. मग त्यानेच विचारलं, “फुडचो पिक्चर कधी लावतास?”